एसएसडी परत करण्याआधी

नवी एसएसडी बसवली, लिनक्स चालू केलं, वेग मोजला आणि खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मासुद्धा आला नाही, की पहिला हात बिलाकडे जातो. जरा थांबा. दुकानदाराशी वाद घालण्याआधी आपण नेमकं काय मोजलं ते बघा. एसएसडी खराब निघते त्याहून कितीतरी वेळा मोजणीच चुकलेली असते.

सगळ्यांची लाडकी कमांड म्हणजे डीडी. शून्यांनी भरलेली मोठी फाइल लिहायची आणि शेवटी दिसणारा वेग मित्रांना पाठवायचा. पण लिनक्स हा डेटा आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये ठेवतं आणि काम झालं म्हणून मोकळं होतं. एसएसडीवर तो मागाहून सावकाश उतरतो. म्हणून साध्या साटा एसएसडीवर सेकंदाला दीड-दोन जीबी दिसले तर हुरळून जाऊ नका. साटाच्या 6 गिगाबिटच्या केबलमधून 600 एमबीपेक्षा जास्त जाऊच शकत नाही, प्रत्यक्षात 550 च्या आसपास मिळतात. डीडीला ‘ओफ्लॅग’मध्ये ‘डायरेक्ट’ सांगा, निदान ‘कॉन्व्ह’मध्ये ‘एफडेटासिंक’ तरी. एचडीपार्म वापरणाऱ्यांनी टी लहान की मोठा ते पाहावं: मोठा टी रॅमचाच वेग सांगतो.

खरं मोजायचं तर एफआयओ. लिनक्सचा ब्लॉक लेयर वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या येन्स आक्सबो यांनीच ते लिहिलं आहे. त्यातही डायरेक्ट चालू ठेवा आणि क्यू डेप्थ किती दिली आहे ते लिहून ठेवा. खोक्यावरचे लाखो आयओपीएस मिळतात ते एकाच वेळी पुष्कळ मागण्या रांगेत लावल्यावर. 4 केबीचे तुकडे एकेक करून वाचायला लावले, तर चांगली एनव्हीएमईसुद्धा सेकंदाला दोन आकडी एमबींवर येते. तो दोष नव्हे, फ्लॅशचा स्वभाव आहे. आणि एक कळकळीची सूचना: फाइलच्या जागी अख्ख्या डिव्हाइसचं नाव देऊन लिहिण्याची चाचणी लावू नका. ते माउंट नसेल तर एफआयओ एका शब्दानेही न विचारता त्यावरचं सगळं पुसून टाकेल.

आता जोडणी. ‘डीमेसेज’मध्ये ‘साटा लिंक अप 3.0 जीबीपीएस’ अशी ओळ दिसली तर एसएसडी जुन्या पोर्टवर किंवा लॅपटॉपच्या डीव्हीडीच्या जागेतल्या कॅडीत अडकली आहे. 280 एमबीच्या आसपास वेग म्हणजे तिथे पूर्ण वेग. एनव्हीएमईसाठी ‘एलएसपीसीआय’ दोनदा व्ही देऊन चालवा आणि ‘लिंक स्टेटस’ वाचा. चारऐवजी दोनच लेन मिळाल्या असतील तर तिथेच ‘डाउनग्रेडेड’ लिहिलेलं सापडेल. बाहेरची यूएसबी असेल तर ‘एलएसयूएसबी’ला टी द्या, 480एम दिसलं की समजा, केबल किंवा पोर्ट यूएसबी 2 चा आहे.

सुरुवातीला पळते आणि मोठी फाइल लिहिताना मध्येच मंदावते, ही तक्रार हल्ली फार ऐकू येते. स्वस्त टीएलसी आणि क्यूएलसी एसएसडी आलेलं सामान आधी ओसरीवर ठेवून घेतात आणि सवडीने आत नेतात. ओसरी म्हणजे एसएलसी कॅश. ती भरली की खरा वेग उघडा पडतो, क्यूएलसीत तर कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली. एसएसडी काठोकाठ भरलेली असेल तर ओसरीही आक्रसते. म्हणून थोडी जागा मोकळी ठेवा आणि ‘एफस्ट्रिम’चा टायमर चालू आहे का पाहा. लक्स एन्क्रिप्शन असेल तर ट्रिम आपोआप खाली पोचत नाही, ते वेगळं चालू करावं लागतं. वेग दर काही मिनिटांनी खाली-वर होत असेल तर ‘एनव्हीएमई स्मार्ट-लॉग’मधलं तापमान बघा, तापली की एसएसडी स्वतःच वेग कमी करते.

शेड्यूलर बदलत बसण्याच्या नादी मात्र लागू नका. एनव्हीएमईला ‘नन’ असेल तर ते ठीकच आहे, त्यात हात घालून हाती फारसं लागत नाही. रोज उठून लिहिण्याच्या चाचण्याही घेऊ नका. फ्लॅशला लिहिण्याची मर्यादा असते आणि ती अशाने उगाच खर्ची पडते.

एवढं करूनही वेग कमीच राहिला, तर तक्रार जरूर करा. पण आधी बॅकअप घ्या, आणि तक्रारीसोबत मॉडेल, फर्मवेअरचा क्रमांक, एफआयओची पूर्ण कमांड व तिचं उत्तर आणि डीमेसेजमधली ती एक ओळ जोडा.