सोय कुणाची, गैरसोय कुणाच्या माथी?

"मॉलचं वेड तुम्हा बायकांनाच! मग भाजीवाल्यांनी जगायचं कसं?" परवा एका बैठकीत एक कार्यकर्ते बंधू म्हणाले आणि आम्ही साऱ्याजणी ओशाळलो. मीही. मागच्याच आठवड्यात पाळी चालू असताना मी मंडई टाळून मॉलमध्ये गेले होते. भाजी महाग होती, ताजीही नव्हती. पण तिथे स्वच्छ संडास होता, टेकायला बाक होता.

घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. शरीराच्या गरजा म्हणजे चोचले नव्हेत, हे वस्तीतल्या बायकांना मीच सांगते ना? मग माझी मान खाली का?

नेहमीच्या भाजीवाल्या मावशींना हे सांगितलं तर त्या हसल्या. "बाई, तू तासाभरासाठी येतीस. मी पहाटेपासून बसते. म्हणून पाणीच पीत नाही."

म्हणजे गिऱ्हाईक आणि विक्रेती, दोघींची अडचण एकच. मी पैसे मोजून सुटले, मावशी सुटू शकत नाहीत. मंडईत बायकांसाठी धड संडास नाही, हा दोष माझ्या आवडीनिवडीचा की नगरपालिकेचा?

आणि मॉलमधली सोय तरी कुणाच्या जिवावर? मला बाक मिळतो, कपडे दाखवणारी मुलगी दिवसभर उभी असते. केरळमध्ये दुकानांत काम करणाऱ्या बायका लढल्या, तेव्हा २०१८ साली बसण्याचा हक्क तिथल्या कायद्यात आला.

तेव्हा मैत्रिणींनो, 'मॉलमध्ये जाऊ नका' असा उपदेश एकमेकींना करणं पुरे. सोय हवीच, ती सार्वजनिक हवी, आणि दोन्हीकडच्या बायकांना हवी. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे का, हा प्रश्न मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' मोहिमेने विचारलाच आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडायचे असतात, त्यांत एक तृतीयांश बायका. आपल्या गावात ही समिती आहे का? त्या बायका कोण आहेत? त्यांना बैठकीला बोलावतात, की नुसत्या सह्या घेतात? आपल्या गटांनी हे विचारायला जायचं, आणि भाजीवाल्या मावशींना बरोबर घेऊन जायचं. संडास कुठे हवा, हे त्याच सांगतील.