परीक्षेला बसण्याचा हक्क

इंग्लंडात १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ ही मोटार सुट्या भागांच्या रूपातही विक्रीस आली. तयार मोटारीवरील खरेदी कर सुट्या भागांवर नव्हता. म्हणून बेताच्या मिळकतीचा हौशी माणूस ते भाग घरी आणून स्वतःच गाडी जोडीत असे. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. हौस मात्र संपली नाही. त्याच वर्षी ‘केटरहॅम’ने या गाडीचे हक्क घेतले, ती आजही सुट्या भागांत मिळते. केवळ काटकसर हेच या हौसेचे मूळ असते, तर ती सवलतीबरोबरच लयास गेली असती.

अशा गाडीपासून इतरांस धोका नाही काय, हा प्रश्न रास्तच आहे. ब्रिटिश शासनाने त्यावर बंदीचा उपाय योजला नाही. प्रत्येक गाडीची स्वतंत्र तपासणी लावली. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर यांच्या कसोटीस ती उतरली, तरच तिची नोंदणी होते.

आपल्याकडे मान्यता मिळते ती कारखानदाराने सादर केलेल्या नमुन्याला. २०२१ साली सांगली जिल्ह्यातील एका कारागिराने भंगारातून छोटी मोटार घडविली, तेव्हा कौतुकाचा वर्षाव झाला. पण ती नियमांत बसत नव्हती. अखेर एका उद्योगपतीने तिच्या मोबदल्यात त्याला कारखान्यातील नवी गाडी दिली. हे औदार्य खरेच. परंतु त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. शासनाने एकट्यादुकट्या गाडीसाठी परवडणारी, पण कठोर परीक्षा ठेवावी. नापास करण्याचा अधिकार जरूर राखावा. परीक्षेला बसण्याचा हक्क मात्र नाकारू नये.