भंगारात निघालेला बाजाराचा इतिहास

कंधार आणि औसा येथील किल्ल्यांविषयी मराठवाड्यात आस्था आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु नांदेडच्या वजिराबादेत अथवा लातूरच्या गंजगोलाईत एखादे जुने दुकान पाडले जाते, तेव्हा त्याच्या दर्शनी भिंतीवरील सोडा-लेमनच्या जाहिरातीचा पत्रा निमूटपणे भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. त्याबद्दल हळहळणारा कोणी नसतो. असाच पत्रा मोठ्या शहरांतील हौशी संग्राहक मात्र चांगली किंमत देऊन घेतात.

या पत्र्यांत जपण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. लोखंडावर काचेची पूड भट्टीत वितळवून हे रंग बसविलेले असत. म्हणूनच ते उन्हापावसाला दाद देत नाहीत. त्यांवरील अक्षरे तर अधिकच बोलकी. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. विक्रेत्याने गिऱ्हाइकाला कोणत्या लिपीत साद घातली, यावरून बाजारात कोण येत होते आणि कोणाला वाचता येत होते, याचा अंदाज बांधता येतो.

राजकारणाचे पडसादही या पाट्यांवर उमटले. परकीय भांडवलावरील निर्बंधांमुळे १९७७ साली कोका-कोला कंपनीने भारत सोडला. त्याच वर्षी पार्लेचे थम्स अप आणि सरकारी कारखान्याचे डबल सेव्हन बाजारात आले. १९९३ मध्ये ती कंपनी परतली आणि तिने थम्स अप, लिम्का व गोल्ड स्पॉट ही नावे पार्लेकडून विकत घेतली. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील हे प्रकरण सामान्य माणसाने वाचले ते हॉटेलच्या दारावरील पाटीवर.

कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा सामान्यतः शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंनाच संरक्षण देतो. पन्नास-साठ वर्षांची पाटी शंभरी गाठण्याआधीच वितळविली जाते.

संग्राहकांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांच्या हौसेमुळेच काही पत्रे भट्टीतून वाचले. परंतु कोणत्या गावचा, कोणत्या दुकानाचा, याची नोंद न ठेवता उचललेला पत्रा दिवाणखान्याची शोभा होतो, इतिहासाचा पुरावा राहत नाही. शिवाय मागणी वाढली की नव्या पत्र्यावर मुद्दाम गंज चढवून तो जुना म्हणून खपविला जातो. अशा वेळी नोंद हीच खरेपणाची कसोटी ठरते.

पुण्यात डॉ. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे यांसारख्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तेवढी झेप सर्वांना शक्य नाही. पण इतिहासाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना बाजारपेठेत न्यावे, पाट्यांची छायाचित्रे घ्यावीत, वृद्ध दुकानदारांच्या आठवणी टिपाव्यात. महाविद्यालयाने अथवा सार्वजनिक वाचनालयाने अशा वस्तूंसाठी एक कपाट राखावे. यास शासकीय अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. पत्रा कदाचित पुढेही विकला जाईल. निदान तो कोठला होता, हे तरी पुढच्या पिढीला सांगता येईल.