उपकरणांची परीक्षा आणि परीक्षेतील उपकरणे

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी पेरण्यापूर्वी जाणता शेतकरी बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि त्यांतील किती उगवले हे मोजून मगच बियाण्यावर विश्वास टाकतो. पेरणीची ओल हुकली की हंगाम हुकतो, हे तो जाणून असतो. अवकाशात उपकरण धाडणाऱ्या शास्त्रज्ञाची अवस्था याहून बिकट असते. त्याला पुढचा हंगामही नसतो. कक्षेत गेलेले उपकरण दुरुस्तीसाठी पुन्हा हाती लागत नाही.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झालेला ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा केवळ खगोलशास्त्रासाठी वाहिलेला भारताचा पहिला उपग्रह. त्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. कृष्णविवरांच्या परिसरातून येणारे क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात. म्हणून ते टिपणारे शोधक वातावरणाबाहेर न्यावे लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने या उपग्रहासाठी झेनॉन वायूने भरलेले तीन मोठे शोधक सिद्ध केले. क्ष-किरण आत शिरला की झेनॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटतात, उच्च विद्युत्‌दाबाच्या तारांकडे धावताना त्यांची संख्या वाढत जाते आणि किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात विजेचा स्पंद उमटतो.

परंतु स्पंद उमटणे वेगळे आणि त्याचा अर्थ लागणे वेगळे. अमुक स्पंद म्हणजे नेमकी किती ऊर्जा, हे ठरविण्यासाठी ज्यांच्या किरणांची ऊर्जा आधीच ज्ञात आहे असे किरणोत्सारी पदार्थ शोधकासमोर ठेवावे लागतात. अमेरिसियम-२४१ चा किरण ५९.५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा; त्यावरून मापाची एक खूण पक्की होते. तापमान बदलले, वायूत अशुद्धी शिरली वा दाब घटला, तर ही खूण सरकते. ती किती सरकते याचीही नोंद ठेवावी लागते. याखेरीज प्रक्षेपणातील हादरे आणि अवकाशातील निर्वात स्थिती यांची नक्कल करून उपकरण पारखले जाते, ते निराळेच.

इतके करूनही उणीव राहतेच. तीन शोधकांपैकी एकातून कक्षेत वायू गळू लागला आणि मार्च २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. तथापि ही गळती दडविली गेली नाही. वायूची घनता घटल्याने माप कसे बदलले, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडून तो प्रसिद्ध केला. त्यामुळे त्या शोधकाची आधीची निरीक्षणेही दुरुस्तीसह उपयोगी पडली.

दुष्काळाशी झुंजणाऱ्या तालुक्याला कृष्णविवरांचे काय, असा प्रश्न विचारला जाईल; तो अनाठायीही नाही. मात्र पर्जन्यमापक, बाजारातील वजनकाटा आणि रुग्णालयातील रक्ततपासणी यांनाही हीच शिस्त लागते. तिचे पहिले धडे शाळेच्या प्रयोगशाळेत मिळावयाचे. आणि नेमकी तेथेच तिची आबाळ होते.

मंगळवेढा समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथे पाणी शंभर अंशांच्या सुमारे दीड अंश अलीकडेच उकळावयास हवे. तरीही प्रात्यक्षिकाच्या वहीत शंभर अंशच लिहिले जातात. कारण पुस्तकात तसे छापलेले असते आणि गुण पुस्तकाशी जुळण्याला मिळतात. उत्तर आधी आणि निरीक्षण मागाहून, हा क्रम एकदा अंगवळणी पडला की पुढे कचेरीतील तक्ताही तसाच भरला जातो. याचा दोष एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे. अपुरी साधने, तोकडा वेळ आणि डोक्यावर परीक्षा असताना शिक्षक तरी काय करणार?

यावरील उपाय खर्चिक नाही. प्रयोगाला बसण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपला तापमापक बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासावा, त्यातील चूक वहीच्या पहिल्या ओळीत नोंदवावी आणि त्या नोंदीला परीक्षकाने स्वतंत्र गुण द्यावेत. अ‍ॅस्ट्रोसॅटसारखे उपग्रह यापुढेही घडवावयाचे असतील, तर ९८.५ अंश लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापणे आधी थांबले पाहिजे.