सूर्यावर चालणारा जागल्या

मोहफुले पडू लागली की आपल्या पवनी-साकोलीकडची माणसे टोपल्या घेऊन पहाटेच रानात निघतात. त्याच वेळी वाघ-बिबटही रात्रीची फेरी संपवून परतत असतो. तो कोणत्या धुऱ्यावरून गेला हे आधी कळले, तर केवढी धास्ती कमी होईल! हे सांगणारा जागल्या म्हणजे झाडाला बांधायचा कॅमेरा.

समोरून उबदार अंगाचा प्राणी गेला की तो जागा होतो नि फोटो काढतो. दोन वाघांचे पट्टे कधी जुळत नाहीत. एकाच वाघाच्या दोन अंगांचेही नाहीत. म्हणून वनखाते वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे लावते. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे होते.

गणनेपुरत्या लावलेल्या कॅमेऱ्याला साधे सेल पुरतात. पण वेशीवर बारमाही राहून मोबाइलवर फोटो धाडणारा कॅमेरा सेल भराभर खातो. तिथे सौर पट्टी कामाची. हिशेब सोपा आहे. पाच वॅटची पट्टी चार तासांच्या कडक उन्हात वीस वॅट-तास वीज देते. निम्मी वाया गेली तरी दहा उरते. कॅमेऱ्याला रोज तीन लागत असेल, तर बाकीची बॅटरीत साठते.

मात्र आपले जंगल पानगळीचे. उन्हाळ्यात साग उघडा पडतो, ऊन खाली येते. श्रावणात पानांचे छत आणि वर ढग. म्हणून बॅटरी बिनउन्हाचे चार-पाच दिवस निभावणारी घ्यावी. पट्टी कॅमेऱ्यापासून वेगळी, उंचावर, दक्षिणेकडे तिरपी बसवावी आणि धूळ पुसत जावी.

कॅमेरा आपल्या शेतात लावला तरी वनरक्षकाला सांगावे. जंगलात परवानगीशिवाय लावूच नये. वाटेने आयाबहिणीही जातात, त्यांचे फोटो कोणाला दाखवू नयेत.

कॅमेरा डुकरे हाकलत नाही, हे खरे. पण ती कोणत्या बांधीत, किती वाजता उतरतात ते सांगतो. जागल तेव्हाच करता येते. धान नासले की संताप येतो, म्हणून कोणी कुंपणात चालू वीज सोडतो. ‘जय’ वाघाचा बच्चा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच तारेने मेला. सौर कुंपणाचा झटका क्षणाचा असतो, तो नुसता हुसकावतो. उघड्या तारेला मात्र वाघ, बैल आणि आपले पोर सारखेच. ती तार आजच काढा.