अर्ज भरण्याआधीची दोन वर्षे

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या मुला-मुलींपैकी अनेकजण पदवीनंतर बी.एड.कडे वळू इच्छितात, ही समाधानाची गोष्ट आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेऊन पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले होते. तेव्हा हा मार्ग आपल्याला नवा नाही. परंतु बी.एड.ची तयारी म्हणजे केवळ सीईटीची तयारी, असा जो समज पालकांत रूढ झाला आहे, तो आम्हांस मान्य नाही. भक्कम प्रवेश-अर्ज परीक्षेच्या किमान दोन वर्षे आधी घडू लागतो, आणि तो घडवण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नसते.

परीक्षेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ती शंभर गुणांची व बहुपर्यायी असते. बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता असे तिचे भाग आहेत. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. नियमित सराव करणाऱ्यास ती अवघड नाही. आपली मुले अडतात ती तिच्यानंतर, कागदपत्रांच्या तपासणीत.

राखीव जागेवरील प्रवेशासाठी जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला आपले कुटुंब १० ऑगस्ट १९५० रोजी या राज्यात वास्तव्यास होते हे दाखवावे लागते. विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. बौद्ध कुटुंबांची अडचण याहून थोडी निराळी. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतील दाखल्यांवर एकच नोंद राहिली नाही. आजोबांच्या दाखल्यावर ‘महार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, काकांच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’, आणि मुलाचे नाव घालताना घाईत कोणी ‘हिंदू महार’ सांगितलेले. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या, त्यामुळे हक्काचा प्रश्न सुटला. तीन पिढ्यांच्या नोंदींचा मेळ घालण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे एक गोष्ट नेहमी जाणवते. महार वतन ही गुलामगिरी आहे असे सांगत बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे वतने गेली. आज त्याच वतनाच्या जुन्या नोंदी, गावच्या कोतवाल बुकातील आजोबांच्या जन्माची ओळ, जिल्हा परिषदेच्या शाळेतील रजिस्टरचा उतारा, हे कागद नातवाला शिक्षक होण्यासाठी शोधावे लागतात. ज्या कागदांनी आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, तेच आता पुरावा म्हणून जपायचे आहेत. हा विरोधाभास कटू आहे. तरीही कागद जपावेत.

हे कागद सीईटीचा निकाल लागल्यावर आठ दिवसांत जमत नाहीत. आजोबांचे गाव मराठवाड्यात, शाळा केव्हाच दुसऱ्या इमारतीत गेलेली, रजिस्टर वाळवीने खाल्लेले, आणि मुलगा कान्हे स्टेशनवर लोकलची वाट पाहत फोनवर चुलत्याला विचारतो आहे की, ‘काका, आपले आडनाव आधी काय लावायचे?’ पडताळणी समितीकडे अर्ज दाखल केल्याची पावती दाखवून तात्पुरता प्रवेश मिळण्याची सवलत काही वर्षी मिळते. तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ सुकर होते, म्हणून घरात ज्याला ते पहिल्यांदा मिळाले त्याने त्याच्या प्रती भावंडांकडे दिल्या पाहिजेत. मुलींच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. लग्नानंतरही पुरावा माहेरचाच लागतो, आणि नाव बदललेले असल्यास त्याचा राजपत्रातील पुरावा किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागतो. लग्न ठरवताना देण्याघेण्याच्या याद्या करणारी आपली घरे मुलीच्या कागदांची फाइल मात्र तिच्याबरोबर देत नाहीत!

येथेच निवासी शाळेचे काम सुरू होते. मूल शाळेत शिकत असताना नोंदीतील चूक दुरुस्त करून घेणे त्या मानाने सोपे असते. दाखला घेऊन ते बाहेर पडले की त्याच एका अक्षरासाठी वर्षभर खेटे घालावे लागतात. आपल्या विद्यालयात अनेक मुले अशी येतात की ज्यांचे पालक वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आहेत. त्यांच्यासाठी कार्यालयातले रजिस्टर हाच कुटुंबाचा दप्तरखाना. म्हणून नववीतील प्रत्येक मुलाची नोंद शिक्षकाने त्याच्या वडिलांच्या दाखल्याशी ताडून पाहावी, असा आमचा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट अर्जातील मजकुराची. राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत ‘तुम्हांला शिक्षक का व्हायचे आहे’ असे कोणी विचारत नाही. पण शिक्षणशास्त्राच्या एम.ए.साठी बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात गेलात तर मुलाखतीत विचारतात, आणि बी.एड.नंतर नोकरीसाठी संस्थेपुढे बसलात तरी विचारतात. आमच्याकडे वाचायला येणाऱ्या अशा मजकुरांतील बहुतेकांची सुरुवात ‘महामानवाच्या विचारांनी प्रेरित होऊन’ अशी असते. हे वाक्य खोटे नसते. पण ते सर्वांचे असते. वाचणाऱ्याला त्यातून उमेदवार दिसत नाही. बाबासाहेबांचे नाव प्रत्येक अर्जाच्या पहिल्या ओळीत घालण्यापेक्षा आपण काय केले ते लिहावे, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

आणि सांगण्याजोगे आपल्या मुलांजवळ पुष्कळ असते. वसतिगृहात संध्याकाळी धाकट्यांचा अभ्यास घेणारी आठवी-नववीची मुलगी हे शिक्षकाचेच काम करत असते. सहावीच्या मुलाला अर्धा आणि पाव मिळून पाऊण का होतो हे कळत नव्हते, तेव्हा तिने भाकरी मोडून दाखवली की कागदाला घड्या घातल्या? तरीही त्याला कळले नाही तेव्हा काय बदलले? एवढे दहा ओळींत लिहिले तर परीक्षक थांबून वाचेल. आपण सहलीला कार्ल्याला जातो. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. त्यात त्याचे नाव, वडिलांचे नाव, गाव, धंदा आणि आपण लेण्याचे द्वार केले एवढीच नोंद आहे. स्वतःची स्तुती त्यात एका शब्दाची नाही, तरी दोन हजार वर्षांनी तो माणूस आपल्याला ओळखीचा वाटतो. अर्जातील परिच्छेद असा असावा.

महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना ‘हजेरीची सक्ती नाही’ अशी कुजबुज ज्यांच्याविषयी ऐकू येते, ती महाविद्यालये घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असली तरी टाळावीत. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, त्यात वीस आठवड्यांची आंतरवासिता आली, ती मुलांसमोर प्रत्यक्ष उभे राहता यावे म्हणूनच. खडू हाती न घेता मिळवलेल्या पदवीवर आपल्याच वस्तीतल्या शाळेत कोणी रुजू झाले, तर त्याची किंमत पुन्हा आपलीच मुले मोजतील. खर्चाची भीती असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. दोन्हींसाठी चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे एक मागणे आहे. तुमच्यापैकी अनेकजण तळेगाव, वडगाव, पिंपरी-चिंचवड येथे नोकरीत स्थिरावला आहात, आणि या कचेऱ्यांच्या पायऱ्या स्वतः झिजवलेल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत नववीची मुले गावी जातील तेव्हा प्रत्येकाने आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत घेऊन यावी, असे आम्ही त्यांना सांगणार आहोत. सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन रविवारी तुमच्यातील चार-पाच जणांनी सकाळी विद्यालयात यावे, आणि त्या प्रती मुलांशेजारी बसून वाचाव्यात.