दोन भाषांची बालवाडी आणि घरातली तिसरी भाषा

मागच्या महिन्यात बर्लिनहून लेकीचा फोन आला. नात तीन वर्षांची होत आली, तिच्यासाठी बालवाडी निवडायची होती. दोन ठिकाणी जागा मिळत होती. एक घरापासून पाच मिनिटांवर, साधी, जर्मन बोलणारी. दुसरी लांबची, जर्मन-इंग्रजी 'द्विभाषिक', आणि तिथे दरमहा वरचे पैसे भरायचे. लेक म्हणाली, "अम्मी, तुमने इत्ते साल पहली पढ़ाई, तुमीच बताओ."

मी काही बोलायच्या आधीच विषय खानदानाच्या व्हॉट्सॲप गटात गेला आणि तासाभरात निकालही लागला. नागपूरचा माझा भाऊ म्हणाला, इंग्लिश असली की पोरगी दुनियेत कुठेही जाईल. साताऱ्याचे व्याही म्हणाले, अरबी शिकवणारी एखादी सापडते का बघा. जावयांचे मत द्विभाषिकच. साध्या बालवाडीच्या बाजूने मी एकटी. त्यावर कोणीतरी हसण्याची चित्रे टाकली आणि लिहिले, मास्तरीणबाई नागऱ्यात बसून बर्लिनची शाळा ठरवतायत.

ठीक आहे. नागऱ्यात बसूनच उत्तर देते. हा प्रश्न एका नातीचा असता तर इथे लिहिले नसते. दुबईत, लंडनमध्ये, पुण्यात आणि आमच्या गोंदियाच्या गल्लीतही आईबाप याच जागी फसतात.

आधी हिशेब करू. 'द्विभाषिक' बालवाडीत दोन भाषा मिळणार, म्हणून सगळे खूश आहेत. त्या कोणत्या? जर्मन आणि इंग्रजी. यातली नातीच्या आईची कोणती? एकही नाही. बापाची? एकही नाही. जावई साताऱ्याचे, त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी. माझी लेक नागऱ्याची, घरी आमची हिंदी, शाळा मराठी. म्हणजे या पोरीला घरातच दोन भाषा आहेत. ती आधीपासूनच द्विभाषिक आहे. फक्त या दोन भाषांचे कोणी पैसे मागत नाही, म्हणून त्या कोणी मोजत नाही.

आमची हिंदी म्हणजे काय, तेही सांगते. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. पलीकडे बालाघाट, तिकडे छत्तीसगड. नागऱ्यात धानाच्या बांधीत पोवारी ऐकू येते, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि मुसलमानांच्या घरात एक अशी हिंदी, जिला लखनौवाला उर्दू म्हणणार नाही आणि दिल्लीवाला हिंदी म्हणणार नाही. वर लेकीचे वाक्य दिले आहे ना, त्यातला 'तुमीच'मधला 'च' मराठीचा आहे. आमच्या हिंदीच्या पोटात मराठी बसलेली आहे. माझी आई ८४ वर्षांची आहे. तिला एवढीच भाषा येते. पणती व्हिडिओवर दिसली की ती तिच्याशी याच भाषेत बोलते. मागच्या ईदेला पणतीने तिला इंग्रजीत उत्तर दिले. आईने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "क्या बोली वो?" मी सांगितले. तिने मान हलवली आणि पुन्हा फोन मागितला नाही.

म्हणून मला हा वाद बालवाडीच्या फीचा वाटत नाही.

द्विभाषिक शिक्षणाचे फायदे मलाही ठाऊक आहेत, आणि ते खोटे नाहीत. कॅनडात माँट्रियलजवळ सेंट लॅम्बर्ट नावाचे उपनगर आहे. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी १९६५ मध्ये हट्टाने बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग सुरू करून घेतला. वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. मुले फ्रेंच शिकली आणि त्यांची इंग्रजी कुठेही मागे पडली नाही. पण का पडली नाही? कारण इंग्रजी त्यांच्या घरात होती, रस्त्यावर होती, दूरदर्शनवर होती, अर्ध्या खंडावर होती. तिला धक्का लागणेच शक्य नव्हते. याच लॅम्बर्टने पुढे दोन प्रकार वेगळे केले. एका प्रकारात नवी भाषा जुनीत मिळवली जाते, दुसऱ्यात नवी येते आणि जुनी जाते. पहिलीच्या भाषेत बोलायचे तर एक बेरीज, एक वजाबाकी. आणि वजाबाकी बहुतेक वेळा अशाच मुलांच्या वाट्याला येते, ज्यांच्या घरची भाषा बाहेर कोणी विचारत नाही.

अमेरिकेत लिली वाँग फिल्मोर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये स्थलांतरित आणि इतर भाषिक कुटुंबांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची मुले अगदी लहान वयात इंग्रजी बालवाडीत गेली, त्यांच्या घरात घरची भाषा लवकर सुटू लागली. पुढे आईबाप आणि मुले यांच्यात बोलण्यासारखेच काही उरत नव्हते, असे त्या सांगतात. मूल इंग्रजी बोलू लागले याचा आनंद आधी होतो. किंमत दहा-बारा वर्षांनी कळते.

मग प्रश्न येईल, बाई, जर्मन बालवाडीतही हेच होणार, मग तिची वकिली का करता? वकिली करते, कारण जर्मन ही तिच्या रस्त्याची भाषा आहे. झोपाळ्यावरची मैत्रीण, डॉक्टर, बसचालक, उद्याची पहिली, सगळे जर्मन. ती तिला हवीच, आणि शेजारच्या मुलांबरोबर ती जशी येईल तशी कुठल्याही वर्गात येणार नाही. जर्मनीत २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला बालसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, आणि बर्लिनने २०१८ पासून फीही माफ केली आहे. जेवणाचे थोडे पैसे द्यावे लागतात. हक्काची, फुकटची, चालत जाण्यासारखी जागा सोडून वर पैसे का भरायचे, तर इंग्रजीसाठी. ज्या घरात आईबाप दोघेही दिवसभर इंग्रजीत नोकरी करतात, त्या घरात.

दिवसाचे तास मोजा. सकाळपासून दुपारपर्यंत जर्मन आणि इंग्रजी. जाण्या-येण्यात तास-दीड तास. संध्याकाळी थकलेले आईबाप आणि झोपेला आलेले पोर. "शाळेत इंग्रजी चालू आहे, घरीही बोलू, म्हणजे पक्की होईल," असे कोणीतरी म्हणणार. आपल्या भाषेसाठी राहिले काय? आंघोळीची दहा मिनिटे.

आता नागऱ्याकडे या. सकाळी नऊला गावात पिवळी व्हॅन येते आणि तीन-साडेतीन वर्षांची पोरे टाय लावून गोंदियाला जातात. त्यांच्या वर्गाला 'केजी' म्हणतात. पालकांना वाटते, केजी म्हणजे इंग्रजी. तो शब्द जर्मन आहे. फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. त्या बागेत खेळ होता, गाणे होते, माती होती, आणि हे सगळे मुलांच्या स्वतःच्या भाषेत होते. आपण त्यातली दोन अक्षरे उचलली आणि बाग बाहेर ठेवली. एका आईने मला सांगितले की शाळेने बजावले आहे, घरी इंग्रजीशिवाय बोलू नका. त्या आईला इंग्रजी येत नाही. म्हणजे शाळेने तिला स्वतःच्या पोराशी गप्प राहायला सांगितले. ही ताकीद कोणत्याही शाळेने कोणत्याही आईला देऊ नये, आणि दिली तर कोणत्याही आईने ऐकू नये.

मी हे सांगते तेव्हा माझे हात स्वच्छ नाहीत. नोकरीची पहिली वर्षे मी सालेकसा तालुक्यात होते. पहिलीत एक गोंडी बोलणारी मुलगी होती. दिवाळीपर्यंत तिने वर्गात तोंड उघडले नाही. मी तिच्या नावापुढे 'मंद' असे लिहिले. मग एका आठवडी बाजारात ती मला आजीबरोबर दिसली. मोहाच्या टोपलीशी बसून ती आजीशी इतके भरभर बोलत होती, हातवारे करत होती, भाव सांगत होती, की मी बाजूला उभी राहून ऐकतच राहिले. मला पाहिले आणि ती गप्प झाली. मंद कोण होते, ते मला त्या दिवशी कळले. मी वहीतला शब्द खोडला, पण पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही.

आणि गंमत अशी की डी.एड.ला मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पाठ होत्या. १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी, १९५७ मध्ये कोसबाडला स्थलांतर, वारली मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पाच गुणांचे उत्तर मी लिहून आले होते. पुढे १९७५ पासून देशभर सुरू झालेल्या योजनेत 'अंगणवाडी' हाच शब्द आला. त्या दोघींनी जे केले त्याचा अर्थ एवढाच होता की मुलाकडे जायचे, त्याला आपल्याकडे ओढायचे नाही. नातीच्या बाबतीत मी जे म्हणते आहे ते याहून वेगळे नाही.

आता दोन शब्द आपल्या माणसांशी. बाहेरचा माणूस आपल्याला सहज म्हणतो, तुमची मातृभाषा उर्दू. आणि आपणही मान डोलावतो. कोकणातल्या मुसलमान घरात जाऊन ऐका. श्रीगोंद्याचे शेख महंमद कोणत्या भाषेत लिहीत होते? बार्शीचे अमर शेख कोणत्या भाषेत गात होते? हमीद दलवाईंशी तुमचे पटो न पटो, त्यांनी लिहिले मराठीतच. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते काही उपरेपणाने नव्हे. उर्दूवर माझे प्रेम आहे. माझे अब्बा उर्दू वर्तमानपत्र वाचत आणि मलाही त्यांनीच अक्षरे शिकवली. पण मराठी परकी म्हणून सोडायची, घरची बोली गावंढळ म्हणून सोडायची, आणि दोन्हींच्या जागी इंग्रजी आणून बसवायची, याला प्रगती म्हणत असाल तर मला ती मान्य नाही.

व्याह्यांच्या अरबीलाही माझा विरोध नाही. कुरआन ती शिकेल, जशी आम्ही सगळे शिकलो. पण पोट दुखते हे ती अरबीत सांगणार नाही. आणि कुरआनातच, सूरह रूममध्ये, माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक मानली आहे. जी निशाणी आपल्या घरात आहे ती आपणच पुसायची का?

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला, तेव्हा महाराष्ट्र पेटला. जूनअखेर सरकारने माघार घेतली. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये, हे मलाही पटले होते. पण तेव्हा मराठीसाठी घसा फोडणाऱ्या कितीजणांची नातवंडे तीन वर्षांची असताना इंग्रजी नर्सरीत बसली होती? सरकारने लादले तर अन्याय, आपण पैसे भरून लादले तर भविष्य?

आक्षेप तीन आले, तिन्हींना उत्तर देते.

पहिला: दोन-तीन वर्षांनी बर्लिन सोडावे लागले तर? सोडा. पाच-सहा वर्षांची पोर इंग्रजी शाळेत गेली तर इंग्रजी शिकेल. इंग्रजी जगभर मिळते. साताऱ्याची मराठी आणि नागऱ्याची हिंदी बर्लिनमध्ये एकाच पत्त्यावर मिळते.

दुसरा: इतक्या भाषांनी मूल गोंधळेल. नागऱ्यात या. चार वर्षांचे पोर पोवारीत भांडते, हिंदीत गोळ्या मागते आणि बाईंना मराठीत उत्तर देते. भाषांची सरमिसळ म्हणजे गोंधळ नव्हे. घाबरून आईने बोलणेच आखडते घेतले, तर मात्र नुकसान होते.

तिसरा, जावयांचा, आणि तोच खरा: "आम्ही दमून येतो. आमच्याने रोज होणार नाही, म्हणून चांगली शाळा शोधतो." याचे मला वाईट वाटले, कारण ते खरे आहे. पण जे काम तुमच्याने होत नाही, ते ती महागडी बालवाडीही करणार नाही. ती दुसरेच काम करणार आहे. उलट जवळची बालवाडी घेतली तर जाण्या-येण्याचा रोजचा तास वाचतो. तो तास मराठीला आणि आमच्या बोलीला द्या. बाप मराठी, आई आमची हिंदी. पुस्तके नसली तरी चालेल. भाजी चिरताना बोला, आणि ती जर्मनमध्ये बोलली तरी उत्तर आपल्या भाषेत द्या.

लेकीने जवळची जागा घेतली आहे. जावयांचे मत अजून पूर्ण बदललेले नाही, आणि द्विभाषिक बालवाडीच्या प्रतीक्षायादीत नाव तसेच आहे, हे मला लेकीनेच सांगितले. मी काही बोलले नाही. एकच मागणी केली. दर जुम्म्याला नमाजानंतर अर्धा तास फोन, आणि तो माझ्याशी नको, माझ्या आईशी. मधे कोणी भाषांतर करायचे नाही.

पहिल्या जुम्म्याला दोघी जवळजवळ गप्पच होत्या. दुसऱ्या जुम्म्याला आईने तिला कोंबडी दाखवली.